मखमलचा फोटो कधीचा?

इराची मखमल नावाची शेळी त्या दिवशी भलतंच काही करत होती. आधी ती शाळेमागे दिसली, लगेच पठारावर, मग बाजारात, टाकीपाशी आणि पुन्हा पठारावर! शेळीच ती, तिला काय पंख फुटले होते?

सकाळी दावं तोडून मखमल पसार झाली होती. त्यात ती गाभण, आज-उद्या वितेय अशी. दुपारपासून धुकं उतरलं होतं आणि अंधार पडला की डोंगरावर कोल्ह्यांचंच राज्य. इराचा जीव टांगणीला लागला होता.

तिची मंजूआत्या वैज्ञानिक. ‘गावफलक’ हे गावाचं संकेतस्थळ तिनेच तयार केलं होतं. कुणीही त्यावर फोटो टाकावा आणि तो फीडमध्ये (लोकांनी पाठवलेलं एकाखाली एक दाखवणाऱ्या पट्टीत) सगळ्यांना दिसावा. इराने मदत मागितली आणि फोटो येऊ लागले. आत्याचा यंत्रमानव टिंबू सर्वांत वरचा फोटो बघायचा आणि चाकं फिरवत तिकडे धावायचा. पठारावर तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आला.

“वरचा फोटो म्हणजे ताजा फोटो, असंच ना?” टिंबू कुरकुरला. “मग शेळी का सापडत नाही?”

इरा रडवेली होऊन पडद्याकडे बघत होती. एकदम ती ओरडली, “आत्या, या फोटोत ऊन आहे बघ! पठारावर तर दुपारपासून धुकं आहे. मग हा फोटो आत्ताचा कसा?”

आत्याने कपाळावर हात मारला. “अगं बाई! पठारावर रेंज कुठे असते? तिथे काढलेला फोटो मोबाइल धरून ठेवतो आणि माणूस खाली उतरला की पाठवतो. माझं फीड मात्र फोटो पोहोचेल तसा वर लावतं.”

“मला नाही समजलं,” टिंबू म्हणाला.

“हे बघ, लग्नाला लांबचा पाहुणा पहाटे निघतो आणि जेवणाच्या पंगतीला पोहोचतो. शेजारचा आरामात निघून त्याच्या आधी हजर! मग आधी निघालं कोण?”

“लांबचा!” इरा म्हणाली.

“बरोबर. प्रत्येक फोटोत वेळमुद्रा (फोटो काढताक्षणी कॅमेऱ्याने केलेली वेळेची नोंद) असते. क्रम तिच्यावरून लावू या.”

“पण मोबाइलचं घड्याळच चुकत असलं तर?” इराने विचारलं.

“म्हणून तर तुझं ऊन आणि धुकं हवं. यंत्राची नोंद आणि डोळ्यांना दिसलेलं जुळलं, की भरवसा ठेवायचा.”

आत्याने नियम बदलला. फोटो खालीवर सरकले आणि क्रम लागला: पठार, पुन्हा पठार, शाळा, बाजार आणि सर्वांत शेवटी पाण्याची टाकी. टाकीचा फोटो मघाशी खाली ढकलला गेला होता, तिकडे कुणी बघितलंच नव्हतं.

“ती डोंगर उतरून गावापलीकडे निघालीय!” इरा उडालीच. “टाकीमागे काय आहे?”

“जुनी चुनाभट्टी,” टिंबू म्हणाला. “कोरडी, आडोशाची जागा.”

तिघं धावली. भट्टीच्या आडोशाला मखमल निवांत बसली होती आणि तिच्या पोटाशी दोन ओली, लटपटती करडं. इराने तिच्या गळ्यात हात टाकले आणि ती मनसोक्त रडली. टिंबूने फोटो काढला, पण तिथल्या खोलगट जागेत रेंज नव्हती. फोटो त्याच्यापाशीच राहिला.

“पावसाळ्यात दरड कोसळल्याचे फोटोही असेच उशिरा येतील,” करडू उराशी धरून, मखमलला घेऊन परतताना इरा म्हणाली. “तेव्हा माणसं टिंबूसारखी भलतीकडेच धावली तर?”

“नाही धावणार. काढल्याची आणि पोहोचल्याची, दोन्ही वेळा फोटोखाली दाखवू. उद्या बस माझ्याबरोबर, तूच कर ते काम.”

घरी येऊन त्यांनी करडं पोत्यावर ठेवली, तोच शेजारचे तात्या हातात काठी घेऊन धापा टाकत आले.

“पोरी, चल लवकर! मखमल चुनाभट्टीत आहे! आत्ता, या मिनिटाला फोटो आलाय!”

इरा हसली आणि तिने एक करडू अलगद त्यांच्या हातात दिलं. “तात्या, फोटो आला कधी ते सांगितलंत. काढला कधी?”