तिथेच थांब म्हणणारी शीळ

मेंढपाळ एमरिस जनावरांच्या दवाखान्यात शिरला तेव्हा नेस्ता सरावासाठी एका कापडी कुत्र्याच्या पायाला बँडेज बांधत बसली होती. एमरिसच्या हातांतही कुत्राच होता, पण खरा... पावसात निथळणारा, मागचा पाय लोंबणारा.

“तुमच्या पेशंटचं आधी उरकू द्या,” तो धापा टाकत म्हणाला. “आम्ही थांबतो.”

नेस्ताचे कान लाल झाले. कापडी कुत्रा बाकावर टाकून ती धावली. जनावरांच्या नर्सच्या पदवीचं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि वेल्सच्या या डोंगराळ गावात ती प्रत्यक्ष काम शिकायला आली होती.

कुत्र्याचं नाव मॉट. मेंढरं वळवण्यात पटाईत. शेतात फिरायच्या चारचाकी क्वाड बाइकवरून, ती चालत असतानाच, त्याने उडी मारली आणि हाड मोडलं. डॉक्टरांनी हाडाला धातूची पट्टी बसवली. मग मुख्य नर्स बेथन नेस्ताला म्हणाल्या, “हा पेशंट तुझा. हाड जुळेपर्यंत हा इथेच पिंजऱ्यात राहील, याने उड्या मारता कामा नयेत. पट्टी निसटली तर पाय कापावा लागेल.”

एमरिसने मॉटच्या कानामागे खाजवलं. “मग मेंढरांमागे मलाच भुंकत पळावं लागेल,” तो म्हणाला खरा, पण हसला नाही.

मॉट शहाण्यासारखा पडून राही. पण अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून वाफ सुटली, की ताडकन उठून पिंजऱ्याच्या दारावर झेप घेई. दवाखाना इवलासा, यंत्र हलवणार कुठे?

संध्याकाळी एमरिस आला तेव्हा नेमकी वाफ सुटली. बारीक, वर चढत जाणारा आवाज...

“अहो, ही तर माझी शीळ!” एमरिस म्हणाला. “मेंढरांवर चाल, असं सांगणारी. तुमचं यंत्र माझ्या कुत्र्याला कामाला लावतंय.”

“मग थांबवणारीही शीळ असेल ना?”

त्याने वाजवली. लांब, सरळ, न हलणारी. मॉट जागच्या जागी बसला. “याचा अर्थ, तिथेच थांब, मी येईपर्यंत हलू नकोस.”

ती शीळ त्यांनी फोनमध्ये भरून वाजवून पाहिली. मॉटने फोन हुंगला आणि तोंड फिरवलं. आता नेस्तालाच शिकणं भाग होतं.

“ओठ आत घ्या. जीभ मागे. हं, आता हळूच...”

“नुसती हवाच येतेय.”

“चहा गार होण्याइतकी येतेय. प्रगती आहे.”

“तुम्ही माझ्या तोंडाकडे बघू नका. मला हसू येतं.”

“मग शिकवू कसं? भिंतीकडे बघून?”

रोज संध्याकाळी शिकवणी. रोज नुसती हवा. आणि मॉटच्या मांडीवर बोटं ठेवून नाडी मोजताना तिचे आकडे चुकू लागले.

“काय झालं?” एमरिसने काळजीने विचारलं. “नाडी वाढलीय?”

“मॉटची नाही,” ती बोलून गेली... आणि जीभ चावून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

एका दुपारी तिच्या दोन्ही हातांत एक चिडलेलं मांजर होतं आणि बेथन त्याचं रक्त काढत होत्या. तेवढ्यात वाफ सुटली. पिंजऱ्यात मॉट उठला, मागच्या पायांवर जोर देऊन दबा धरला... नेस्ताने ओठ आत घेतले. विचार करायला वेळच नव्हता.

शीळ आली. लांब, सरळ.

मॉट खाली बसला आणि पंजांवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत राहिला.

“छान,” बेथन म्हणाल्या. “आता मांजराला श्वास घेऊ देशील का?”

नेस्ताचा दवाखान्यातला शेवटचा दिवस उजाडला. क्ष-किरणांच्या चित्रात हाड जुळलेलं दिसत होतं, तरी पळाल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं. एमरिस मॉटला घेऊन समोरच्या उतारावर गेला. खाली रस्त्याकडेला नेस्ता बॅग घेऊन उभी. बस येतच होती. काम संपलं, परत ये, ही शीळ तिने कालच शिकली होती. तिने ती वाजवली.

मॉट सुटला. ओल्या गवतातून, चारही पाय टेकत, बाणासारखा. त्याच्यामागे गुडघ्यापर्यंतचे बूट सावरत, घसरत एमरिसही.

“मी मॉटला बोलावलं होतं,” नेस्ता म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“माहितीय. पण आई आम्हा दोघांनाही याच शिळेने जेवायला बोलावते. सवय...” तो दम घ्यायला थांबला. “नेस्ता, परीक्षा झाली की येशील? मॉटचा पाय बघायला?”

आजवर तो तिला कधी ‘तू’ म्हणाला नव्हता.

“फक्त मॉटचा पाय बघायला?”

“नाही,” एमरिस म्हणाला. “मॉट आता ठणठणीत आहे. माझंच काही खरं नाही.”

बसवाल्याने हॉर्न वाजवला. नेस्ता बॅग उचलून चढली. एमरिसचा चेहरा उतरला. बस हलली, तशी तिने खिडकी सरकवली, ओठ आत घेतले आणि शीळ वाजवली. लांब, सरळ, न हलणारी.

मागे ओल्या गवतात दोघंही एकदमच खाली बसले.