आखाजी उलटल्यावरची आगारी

भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. धर्माचा अभ्यास शास्त्रशुद्ध कसा करावा, हे मी कॉलेजात अठरा वर्षं शिकवतोय. कुणाच्या अंगात आलं की मी वहीत नोंद करतो आणि घरी येऊन चहा पितो.

तरीही हे घडलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत.

रात्र नव्हती. सात जून २०२३, बुधवार, दुपारचे सव्वाबारा. धुळ्याहून जाताना सोनगीरच्या अलीकडे, महामार्गापासून तीन किलोमीटर आत एक गाव आहे. नाव सांगणार नाही.

भाविका माझी विद्यार्थिनी. फैजपूरच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, धुळ्याला देवपुरात खोली घेऊन राहायची. खानदेशातल्या पितरपूजेवर पीएच.डी. करत होती. मी तिचा गाईड.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांना जेवायला बोलावतात. चुलीतले निखारे पुढे ओढायचे, वर तूप आणि पुरणपोळीचा घास ठेवायचा आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. ही आगारी. घास पेटला की तो माणूस आला, जेवला.

त्या गावच्या रुपचंद आबांनी आखाजीला तिला हे सगळं करून दाखवलं होतं. पण कॅमेऱ्याचं कार्ड बिघडलं. एकही दृश्य हाती लागलं नाही.

म्हणून दीड महिन्याने मी स्वतः तिच्याबरोबर गेलो. पुन्हा करून घेऊ म्हटलं. संशोधनात चालतं.

आबा नुसतं दाखवायला आगारी टाकायला तयार होईनात. "सायेब, आगारी दखाडाले टाकतस नही. नाव लिधं का येनारा येस."

"पाच मिनिटांचं काम आहे, आबा."

आबांना भाविकाचा लळा होता. महिनाभर ती त्यांच्या ओट्यावर बसून ऐकत राहिली होती. तिच्याकडे बघून ते तयार झाले.

"कोनं नाव लेऊ?"

आता माझी हुशारी बघा.

आबांचा मुलगा दीपक आदल्या वर्षी गेला होता. कॅमेऱ्यासाठी बापाला त्याचं नाव घ्यायला लावणं नीतीला धरून नाही. खोटं नाव घ्यावं, तर नोंद खोटी होते. मी म्हणालो, "भाविकाचं घ्या. तिची लेखी संमती घेऊ. मग कुणाचा प्रश्नच नाही."

आबा उठून उभे राहिले. "जित्ता मानूसनं?"

भाविका माझ्याकडे बघत होती. तिला नको होतं. मला ते स्वच्छ दिसलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"सर... चालेल ना?"

"अगं, अभ्यास म्हणून बघायचं."

तिने सही केली.

आबांनी तूप सोडलं. घास ठेवला. डोळे मिटून नाव घेतलं.

घास भस्सकन पेटला...

आणि कुणीतरी ओ दिली.

आवाज भाविकाचा होता. पण भाविका माझ्या डाव्या हाताला उभी होती, ओठ घट्ट मिटून.

आवाज चुलीकडून आला होता.

आबांच्या हातातली पळी खाली पडली. "तिले जेवाडा. आत्तेच जेवाडा!"

त्यांच्या सुनेने ताट वाढलं. भाविकाने एक घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"पोट भरलंय, आबा."

सकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा होता.

तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. खोलीवर मेसचा डबा जसाच्या तसा. तिला भूक लागतच नव्हती. धुळ्याचे डॉक्टर झाले, जळगावचे झाले. सगळे रिपोर्ट चांगले. पोरगी मात्र डोळ्यांसमोर वाळत चालली.

ऑक्टोबरात मी तिची नवी रेकॉर्डिंग ऐकायला घेतली. गावातल्या बाया बोलत होत्या. मध्ये शांतता. परत बोलत होत्या.

मी मागे नेऊन ऐकलं...

बाया उत्तरं देत होत्या. भाविकाचे प्रश्न कुठेच नव्हते.

त्याच दिवशी मी आबांकडे धावलो. पाय धरले त्यांचे. म्हटलं, परत करा काहीतरी, पोर हातची चालली.

आबा लहान मुलासारखे रडले. "बलावाले येस आमले. जितीले माघारी कसं लयतस, कोनले ठाऊक नही. बठ्ठा म्हाताराले इचारी ऊनू, सायेब." गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ते आधीच विचारून आले होते.

एकोणीस जानेवारीला भाविका गेली. वजन एकतीस किलो. तिची आई सुनंदाबाई शेवटपर्यंत पेजेची वाटी घेऊन बसली होती.

पुढची आखाजी आली. घरातलं माणूस त्याच वर्षी गेलेलं, त्यामुळे फैजपूरला तिच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजली. मला बोलावणं होतं. मी गेलो.

तिचे वडील, तोतारामभाऊ, चुलीपुढे बसले. घास ठेवला, नाव घेतलं.

घास पेटला नाही.

पुन्हा तूप सोडलं. पुन्हा नाव घेतलं. निखारे लालबुंद, आणि तूप तसंच पसरलेलं...

तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला. सुनंदाबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी पोरगी उपाशी राह्यली."

तोतारामभाऊंनी पळी माझ्या हातात दिली. "सर, तुम्ही बोलवा तिले. तुमचं ऐके ती."

तूप सोडलं. मी तिचं नाव घेतलं.

घास पेटला...

"हो सर."

अगदी हळू. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. सुनंदाबाई चुलीकडे धावल्या. त्यांना आवरताना माझा हात भाजला.

यामागचं कारण मला सांगता येत नाही. शोधायची हिंमतही उरलेली नाही. ती आई-बापाच्या हाकेला येत नाही, माझ्याच हाकेला येते, एवढंच मला माहीत आहे.

आता दर अमावास्येला सुनंदाबाई पुरण घालतात आणि तोतारामभाऊंचा फोन येतो. कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मी जातो. हे चुकतंय हे मला कळतं. मेलेल्या पोरीला अजून मीच राबवतोय. तरी जातो.

सुनंदाबाई दर वेळी तेच सांगतात. "सर, विचारा ना तिले, तिकडे बरी आहे का?"

मी विचारतो.

"हो सर," एवढंच येतं. दुसरं काही विचारलं तरी तेवढंच येतं.

सोमवारी अमावास्या आहे.