अंडं बुडालं कुठे?

"मैने, कोंबडीचं एक अंडं आण. काकूला मात्र सांगू नकोस."

सुट्टीला उरणला आल्यापासून चुलतभाऊ हरेश्वर पहिल्यांदाच कामाचं बोलला, असं मैनेला वाटलं. घरावर संकटच तसं होतं. साऱ्या मिठागरात मीठ धरलं होतं. फक्त तिच्या बाच्या, धर्माजीच्या वाफ्यांत नुसतं पाणी. "अमावास्येपर्यंत मीठ न्हाय दिसलं, तर वाफे दुसऱ्याला," असं अंबाजी मुकादम दिवसातून तीनदा बजावायचा. तेवढंच काम तो नेमाने करी.

हरेश्वरने शेजारच्या वाफ्यात अंडं सोडलं. तरंगलं! धर्माजीच्या वाफ्यात सोडलं, तर थेट तळाशी.

"अंडं फुटलं वाटतं," मैनेची धाकटी बहीण रंगू म्हणाली.

"अंडं तेच, पाणी वेगळं. जितकं मीठ जास्त तितकं पाणी जड, आणि जड पाणी अंड्याला वर उचलून धरतं. इथे हलकं पाणी मिसळतंय," हरेश्वर म्हणाला.

"मग आपल्या वाफ्यांत येणाऱ्या पाटाने उलटं चालू," मैना म्हणाली. "जिथे तरंगेल, त्याच्या जरा अलीकडेच चोर."

दर दहा पावलांवर अंडं बुडत गेलं. मुकादमाच्या झोपडीपुढे मात्र तरंगलं. मागे वळून पाहतात तो काय, बांधातल्या खाडीकडच्या दाराची फळी चार बोटं उचललेली, आणि आत कोळंबीने भरलेला सापळा! भरतीचं कमी खारट पाणी वाफ्यांत, कोळंबी मुकादमाच्या कालवणात.

रंगू ओरडणार, तोच मैनेने तिला चिमटा काढला.

संध्याकाळी मालक चांगदेवशेट आले. मैना साळसूदपणे म्हणाली, "मुकादमकाका, तुम्हीच अंडं सोडा ना. मोठ्यांचा हात लागतो."

चारचौघांत मान मिळतोय म्हटल्यावर अंबाजी फुलला. झोपडीपुढे अंडं तरंगलं. "बघा शेट, पाणी झकास हाय. खोट धर्माजीच्या हातात."

"आता दाराच्या पुढे, वाफ्यांच्या बाजूला सोडा," मैना म्हणाली.

अंडं बुडालं. शेटनी अंड्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग सापळ्याकडे.

"अंबाजी, फळी आत्ताच्या आत्ता बसव. वाफे धर्माजीचेच राहतील. पोरांनो, माझ्या मुकादमापेक्षा तुमचं अंडं इमानी निघालं."

सहाव्या दिवशी वाफ्यावर मिठाची पांढरी साय धरली. "जन्मभर जिभेने पाणी चाखलं," धर्माजी म्हणाला, "पण चोर कुठं हाय ते जिभेला न्हाय कळलं. पोरांनी बराबर धरला."

त्याने पहिली चिमूट मैनेच्या तळहातावर ठेवली. आईने अंडं उकडून तिघांत वाटलं. कोंबडीखालचं एक कमी आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.