उजवा कौल

"चहा नंतर, आधी राई!" असं म्हणत नीरजाने पिशवी आजोळच्या ओट्यावर टाकली आणि धाकट्या सत्यवानसह धूम ठोकली. १९६१ सालची मे महिन्याची सुट्टी होती. चार वर्षांनी ही भावंडं मुंबईहून मालवणजवळच्या या गावी येत होती. समुद्राला लागून असलेली ती देवराई, शेंड्यावरचं समुद्रगरुडाचं घरटं... याच गप्पांनी दोघांनी चार वर्षं आईचं डोकं खाल्लं होतं!

राईच्या तोंडाशी त्यांचा जुना सवंगडी, गुरवाचा बाबली भेटला. पण तोंड एवढंसं झालेलं!

"काय झालं रे?"

"उद्या राई तोडतले. सकाळी देवान उजवो कौल दिल्यान."

देवाला विचारल्याशिवाय इथली काटकीही कुणी उचलत नसे. देवाच्या पाषाणाला गुरव दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि परगावचे ठेकेदार परशुरामशेट इथल्या लाकडावर कधीचे टपून होते.

तिघं पाषाणापाशी गेली.

"ताई, डावी पाकळी अजून इथेच!" सत्यवान ओरडला. "सुकून कुरकुरीत झालीय, तरी पडत नाही!"

"आणि मुंग्या बघ! फक्त डावीकडेच!"

बाबलीने बोट लावून पाहिलं. "खळ! आपण पतंगाक लावतो ती, भाताची!"

"कुणी लावली?"

"शेट सकाळी इलो. देवाक न्हाणतंय म्हणालो आणि बाबाक पाणी आणूक धाडल्यान." बाबलीचे डोळे भरून आले. "पण पाकळ्ये लावले माझ्या बाबान. गाव तेकाच चोर म्हणतलो!"

"रडतोस काय वेड्या? शेटच्याच तोंडून वदवू!" नीरजा म्हणाली.

संध्याकाळी आरतीला गाव जमला. गावचे मानकरी भाई आणि परशुरामशेट पुढेच उभे होते. नीरजा भाबडा चेहरा करून म्हणाली, "भाईआजोबा, देवाला खळ कुणी हो लावली? डावीकडे थोडी आणि उजवीकडे तर ही थापलीय!"

"काहीतरीच!" शेट उसळले. "उजवीकडे मी बोटसुद्धा लावलं नाही!"

सगळे शेटकडे वळले. शेटनी जीभ चावली, पण उशीर झाला होता!

"बाबानू, कौल परत लावूया," बाबलीचा बाप महादू गुरव म्हणाला.

"कित्याक?" भाई गरजले. "राई आमका व्हयी, ह्या सांगूक देव कशाक व्हयो? शेट, तुमची माणसा घेवन वाटेक लागा!" मग ते मुलांकडे वळले. "आमी म्हातारे डोळे मिटून हात जोडून रवलो. तुमी ते उघडे ठेवलास. शाबास रे!"

आरती झाली. रीतीप्रमाणे महादूने पहिला प्रसाद मानकऱ्यांपुढे धरला. भाईंनी हात मागे घेतला.

"आज मान पोरांचो," ते म्हणाले. "आधी तुझ्या बाबलीक दी."