एकतीस मीटरवरचा माणूस

१९३५ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि सोबतचे सगळे शिक्षक आपापल्या गावी गेले. मला जायला गाव उरलं नव्हतं. मी शास्त्र शिकवत असे. शुक्रवार पेठेतल्या माडीवरच्या खोलीत मुंबईहून मागवलेले दोन व्हॉल्व्ह, तारेच्या गुंडाळ्या आणि बॅटरी जोडून मी लघुलहरींचा रेडिओ तयार केला. गच्चीपासून समोरच्या चिंचेपर्यंत तांब्याची तार ताणली आणि हेडफोन कानांवर चढवले.

या लहरी आकाशात उंच जातात, तिथल्या थरावरून परततात आणि हजारो मैलांवर उतरतात. त्यामुळे जवळचं लागत नाही, लांबचं लागतं. दिवस कलला की एकतीस मीटर लांबीच्या लहरींवर स्टेशनं येऊ लागत. स्टेशन लावायची चकती केसभर फिरवायची, खरखरीतून शिट्टी ऐकू आली की हात थांबवायचा.

दहाव्या दिवशी, गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होऊन गेल्यावर, दोन स्टेशनांच्या मधे एक पुरुषी आवाज आला. चक्क मराठीत.

"कुणी ऐकतंय का?"

मी हसून म्हणालो, "ऐकतोय की."

"बरं झालं," तो म्हणाला.

माझं यंत्र फक्त ऐकण्याचं होतं. त्यातून बोललेलं बाहेर जाणं शक्य नव्हतं. मी सगळे जोड तपासले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

"आज खोकला कमी वाटतोय तुमचा."

खोकल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. मी घाबरायला हवं होतं. पण दहा दिवसांत माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं. आम्ही उन्हाळ्याबद्दल बोललो, पाण्याबद्दल बोललो. तो कुठे आहे, ते मात्र त्याने सांगितलं नाही. "इथून नुसतं ऐकू येतं," एवढंच म्हणाला.

माझा डबा घेऊन येणाऱ्या फुलाबाई एकदा दारात थबकल्या. "मास्तर, कुनासंगं बोलताय?"

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

"नुसती खरखर हाय की." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. त्या दिवसापासून त्या डबा जिन्यातच ठेवून जाऊ लागल्या.

शनिवारी त्याचा आवाज दबका होता.

"पाहुणे आलेत का?"

"नाही. एकटाच आहे."



"मग दुसरा श्वास कुणाचा?"

मी मागे वळलो नाही. श्वास रोखून धरला.

"हां," तो हळूच म्हणाला, "आता एकच ऐकू येतोय."