गोणपाटाचा अंगरखा

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या सुभद्रेच्या आठ दुपारी गोणपाट उसवण्यात गेल्या. वाण्याकडची पोती आणायची, सुतळ्या सुट्या करायच्या, चहाच्या चोथ्यात नि पालकाच्या पाण्यात उकळायच्या, आणि वाळल्या की मासळीच्या जुन्या जाळ्यावर एकेक गाठ मारायची. नवऱ्याला, हितेंद्ररावांना, असा अंगरखा हवा होता की झाडाखाली बसलं तर झाडच वाटावं. परळच्या एका बंद गिरणीच्या आवारातल्या वडावर धनेश पक्ष्यांची जोडी यायची. माणूस दिसला की उडायची. फोटो काही मिळत नव्हता.

"अहो, या वयात मी तुमच्यासाठी अस्वल विणतेय!"

"अस्वल नको गं, झाड कर. अस्वल बघून तो वॉचमन कोंडीराम पळून जाईल."

हसता हसता त्यांचा हात छातीवर गेला. दोन झटके येऊन गेले होते. तिसऱ्याबद्दल बोलताना डॉक्टर तिच्याकडे नाही, फाइलकडे बघत होते.

म्हणून सुभद्रेने त्यांना न सांगता एक केलं. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळून उरलेलं सूत देव्हाऱ्यात होतं. ते तिने अंगरख्याच्या आतून, छातीपाशी, सात वेढे घालून टाचलं. "वडदेवा, यांना तुझ्यासारखं आयुष्य दे," एवढंच म्हणाली. पुढे काही म्हणायला हवं, हे त्या माउलीला सुचलंच नाही.

सकाळी कोंडीरामने फाटक उघडून दिलं. हितेंद्रराव अंगरखा चढवून बुंध्याशी बसले, सुभद्रा डबा घेऊन लांब ओट्यावर. वारा पडला. चिकाचा, ओल्या सालीचा वास दाटत गेला. धनेश आले, फळं खात अगदी खालच्या फांदीवर उतरले. ती हरखून नवऱ्याकडे वळली.

तिथे कोणी नव्हतं. पारंब्या होत्या, पाचोळा होता.

"अहो...?"

"इथेच आहे गं..." आवाज जवळून आला. फार जवळून, आणि आतून.

ती धावली. बुंध्यावर तळवा टेकला. सालीखाली एक ठोका पडला. मग खूप वेळाने दुसरा. सावकाश, शांत, कसलीच घाई नसलेला. आणि सालीत अर्धं रुतलेलं, तिनेच टाचलेलं पांढरं सूत.

"एवढं नको रे देवा... आहे तेवढंच दे, पण माझं माणूस दे..."

वडाचं सूत तोडायचं नसतं. तीस वर्षांच्या व्रतात तिने कधी तोडलं नव्हतं. आज दातांनी तोडलं.

"काय गं, रडतेस कशाला?" समोर हितेंद्रराव बसले होते, मांडीवर कॅमेरा. "बघ, कसले फोटो आलेत!"

पुढल्या आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसले. सुभद्रेने देवापुढे साखर ठेवली. सूत तोडल्याबद्दल नाक घासून माफीही मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गॅलरीत गेली. हितेंद्रराव उन्हाकडे तोंड करून उभे होते, मान जराही न हलवता.

"अहो, चहा..."

"हळू बोल..." त्यांचे ओठ जेमतेम हलले. चेहऱ्यावर बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचं हसू होतं. "खाली ठेव कप."

सदऱ्याच्या कॉलरमागे, मानेच्या खळगीत, काड्यांचं ओंजळभर घरटं होतं. त्यात एक चिमणी डोळे मिटून अंडी उबवत बसली होती.