फडकं खाली आलं की

२००६ च्या नोव्हेंबरात घाटंजीत रोज सकाळी नऊ ते दुपारी तीन वीज नसायची. माझ्या संगणकाचा यूपीएस सात मिनिटं टिकायचा. त्यावरच्या विमानाच्या खेळातली एक फेरी, म्हणजे उड्डाण, चार डावी वळणं आणि त्याच धावपट्टीवर परत उतरणं, साडेसहा मिनिटांची. नऊ वाजता वीज गेली की शेवटची फेरी यूपीएसच्या पीं-पीं आवाजात पुरी व्हायची.

बाबा दारातून ओरडायचे, "लवकर उतरव वं, नाही त वरच लटकून राह्यशीन!"

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी आर्णी रस्त्यावरच्या माळावर एका खासगी संस्थेत विमान चालवायला शिकत होते. उतरताना जमिनीपासून वीसेक फुटांवर विमानाचं नाक हलकेच उचलावं लागतं. ती उंची मला डोळ्यांनी कळत नव्हती. उशीर व्हायचा आणि विमान आपटायचं. दोन चाचण्यांत नापास झाले होते. तिसरीत झाले तर नाव कमी होणार होतं.

म्हणून हा घरचा सराव. बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. त्यांनी जुन्या शिलाई मशीनची पायानं दाबायची पाटी कापून मला विमानासारखे दोन पेडल करून दिले. माळावरची धावपट्टी मी मोजमापं घेऊन स्वतः संगणकात काढली होती. लांबी, उतार, कडेच्या तीन बाभळी.

माणूस काढला नव्हता.

पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, पडद्यावर डाग आहे. पुसला, गेला नाही. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला तीन मिलिमीटरची उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर पांढरं काहीतरी. मी खाली येत राहिले, आणि ते पांढरं झटकन खाली आलं. दचकून मी नाक उचलायची दांडी ओढली. चाकं इतकी अलगद टेकली की मला पुन्हा करून पाहावं लागलं.

बारा फेऱ्यांच्या नोंदी केल्या. बाराही वेळा पांढरं खाली आलं तेव्हा उंची अठरा ते वीस फूट होती. तेराव्या वेळी मधेच खेळ थांबवला. काटे थांबले, ढग थांबले. ते फडकं मात्र हलत राहिलं.

शेजारचे नानाजी पंपाची मोटार घेऊन आले होते. चहाचा कप हातात धरून ते माझ्या मागे उभे राहिले.

"दीपे, ह्याले कोनं काढलं?"

"मी नाही काढलं."

"हा खेमसिंग हाय."

"नानाजी, ठिपका आहे तो. तीन मिलिमीटर."

"मंग ठिपक्याले फडकं कायले पाहिजे?"

त्यांनी चहा तसाच ठेवला. चौऱ्याहत्तर साली कपाशीवर विमानानं फवारणी व्हायची. त्याच माळावरून विमान उडायचं. शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नानाजी आणि दुसऱ्यावर तांड्यावरचा खेमसिंग, काठीला पांढरं फडकं बांधून उभे राहायचे. वैमानिकानं त्या फडक्यांच्या रेषेत यायचं. विमान डोक्यावरून गेलं की दोघांनी सोळा पावलं बाजूला सरकायचं, पुढच्या पट्ट्यासाठी. माळावर धावपट्टी बांधली तेव्हा नवख्या वैमानिकाला उतरवायचं कामही खेमसिंगकडेच होतं.

"फडकं खाली, म्हंजे नाक वर. त्याची नजर लय पक्की. त्याले एकच हौस होती, एक डाव वरतून आपलं रान पाहाचं. पायलट म्हने, आधी वजन करून ये. हा पठ्ठ्या कापसाच्या काट्याले लटकला! लय हासलो आमी."

"मग बसवलं?"

"शेवटच्या दिवशी बसवनार होता. फवाऱ्याचा धूर बसला त धुऱ्यावर काठी रोवेल होती. मानूस नाही. विहिरी उपसल्या, तांडे पाह्यले. नाहीच."

मी त्या दिवसापासून मोजायला लागले. माझ्या प्रत्येक उतरण्यानंतर तो सरकत होता, दर वेळी पडद्यावर तेवढंच अंतर. धावपट्टीच्या लांबीशी गुणोत्तर काढलं, तर बारा मीटर यायचे. सोळा पावलं. दूरच्या टोकाकडून तो कडेकडेनं अलीकडे येत होता, जिथून विमान धावायला सुरुवात करतं तिकडे.

चाचणीच्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. खाली वेचणीच्या बाया कपाशीत वाकलेल्या. शिकवणारे सर उजव्या खुर्चीवर बसले. मी खाली येऊ लागले, आणि पट्टीच्या कडेला पांढरं फडकं दिसलं.

ते खाली आलं. मी दांडी ओढली.

चाकं टेकल्याचं फक्त आवाजावरून कळलं.

"पुन्हा," सर म्हणाले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा टेकल्यावर सर विमान थांबवायला लावून खाली उतरले, रिकाम्या खुर्चीचा पट्टा बांधला आणि म्हणाले, "आता एकटी जा. तीन फेऱ्या."

मी विमान टोकाला नेलं.

तो पंखापासून चार हातांवर उभा होता. धोतर, उघडे पाय, फवाऱ्याच्या औषधाचा उग्र वास.

नियमाप्रमाणे मी दुसरं विमान उतरायला येत नाही ना ते पाहिलं. परत वळून पाहिलं, तर तिथं नुसती काठी रोवलेली होती.

मी इंजिनाला जोर दिला.

माळ सुटला, बाभळी सुटल्या. वाघाडी नदी चकाकली, कपाशीची पांढरी रानं एकामागून एक उघडत गेली. मी मोठ्यानं हसत होते. चारही वळणं डावी होती, उजवीकडे पाहायची गरज नव्हती. उतरताना फडकं नव्हतं. तरी वीस फूट मला कळले, माझ्याच डोळ्यांना.

तिसरी फेरी संपली तेव्हा सोबतच्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. बाबा ओल्या मला मिठी मारून सगळ्यांना सांगत होते, "पेडल म्या केलते! म्या!"

घरी आल्यावर संगणक लावला. धावपट्टी रिकामी होती.

मग वही काढली. हजार फूट चढायला लागणारा वेळ मी प्रत्येक फेरीत टिपते. सर सोबत असताना एकशे बारा सेकंद, सरांचं वजन चौऱ्याऐंशी किलो. एकटीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत चौऱ्याऐंशी सेकंद. अठ्ठावीस सेकंदांचा फरक, म्हणजे सेकंदाला तीन किलो.

एकटीच्या पहिल्या फेरीत एकशे एक. सतरा सेकंद जास्त.

उत्तर लिहून मी कागद पालथा ठेवला आणि कुंपणापाशी गेले. नानाजी पेढा खात होते.

"नानाजी, त्या काट्यावर खेमसिंग किती भरला होता?"

"काटकुळाच होता," ते बोटं पुसत म्हणाले. "एक्कावन."